लोखंड नको

४ तारीख, मंगळवार

आमच्या घरात सध्या सकाळी एकच प्रश्न विचारला जातो. "झाली का?" आई विचारते, समोरच्या मावशी खिडकीतून विचारतात, काका फोन करून विचारतो. उत्तरही रोज एकच. नाही झाली.

बाबांना पक्षाघाताचा झटका येऊन गेला, त्यातून ते वाचले. उजवा हात आणि उजवा पाय अजून रजेवर आहेत. जीभ अर्धवेळ कामाला येते. दिवसातून एखाद-दुसरा शब्द निघतो, तोही कधी कधी भलताच. पण पोटाने मात्र सरळ संप पुकारलाय. डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलंय, की कुंथू द्यायचं नाही, रक्तदाब चढतो. म्हणजे यात हसण्यासारखं काही नाही.

आज जेवताना काका म्हणाला, "कॉलेज सोडून घरी बसलायसच, तर बापाच्या पोटाचं तरी बघ काहीतरी."

मी ताटावरून उठलो. मग भूक लागली म्हणून परत बसलो, पण बोललो नाही कोणाशी.

कॉलेज मी तत्त्वासाठी सोडलं. सरांनी वर्गात "बाहेर हो" म्हटलं, मी झालो. आत ये असं कोणी म्हटलं नाही, मग मीही गेलो नाही. काकाला तत्त्व कळत नाही. असो. ठरवलं, बाबांचं पोट मीच साफ करून दाखवीन. इंजिनियरिंगची दोन वर्षं काढलीत. तुंबलेला पाइप मला कळतो.

५ तारीख, बुधवार

औषधाच्या दुकानात गेलो होतो. काउंटरवर नवीन मुलगी आहे.

आता हे कसं लिहू? तिने केसांत पेन खोचलं होतं. बस, एवढंच. एवढ्यात माझं सगळं संपलं.

"काय हवंय?"

रस्ताभर मी वाक्य घोकलं होतं, 'वडिलांना शौचाला साफ होत नाही'. पण केसांत पेन खोचलेल्या मुलीसमोर 'शौच' हा शब्द कोण मर्द उच्चारू शकेल?

"अशक्तपणा," मी म्हणालो.

"कोणाला?"

"मला."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "दिसतंय. धाप लागते का?"

"आत्ता लागतेय." खरंच लागत होती.

तिने लोहाच्या गोळ्या दिल्या. "जेवणानंतर एक. आणि एकदा रक्त तपासून घ्या, नुसत्या अंदाजाने घेत राहू नका, बरं का."

'बरं का' म्हणाली! सगळ्यांनाच म्हणते की काय, म्हणून मी थांबून ऐकलं. माझ्यामागच्या आजोबांना नुसतं "सुट्टे द्या" म्हणाली.

घरी येऊन डबी नीट वाचली. लोह, फॉलिक, व्हिटॅमिन सी. शक्तीसाठी. आता विचार केला तर पोट म्हणजे शेवटी स्नायूच. अशक्त झालाय म्हणून ढकलत नाही. शक्ती दिली की ढकलेल. शिवाय बाबांनी जन्मभर लोखंडाचंच काम केलं. गेट, ग्रिल, जिने. आमचा फॅब्रिकेशनचा गाळा हा त्यांचा जीव. अशा माणसाच्या पोटाला लोखंड परकं कसं वाटेल? चुकून का होईना, औषध बरोबर मिळालं.

७ तारीख, शुक्रवार

आज आमच्या घरात इतिहास घडला आणि माझं काळीज फाटलं. दोन्ही एकदमच.

बाबांना अख्खी गोळी गिळता येत नाही, ठसका लागतो. म्हणून मी ती कुटून दह्यात कालवतो. आईला सांगितलंय की टॉनिक आहे. आई खूश आहे, पोरगा कामाला लागला म्हणून. तर आज दुपारी दह्याचा पहिला चमचा तोंडात गेल्याबरोबर बाबांनी डोळे मोठे केले, जीभ फिरवली आणि अगदी स्वच्छ म्हणाले, "लोखंड."

आईच्या हातातलं भांडं पडलं. काका बाहेरून धावत आला. आजारपणानंतरचा पहिला स्पष्ट शब्द! आई म्हणाली, "काय? काय म्हणालात? परत म्हणा!"

बाबा माझ्याकडे बघत म्हणाले, "लोखंड. नको."

ज्या माणसाने तीस वर्षं तोंडात रिव्हेट धरून, डोळ्यांत ठिणग्या घेऊन काम केलं, तो म्हणतो लोखंड नको. काकाने डोळे पुसले आणि म्हणाला, "दादाला गाळ्यात आता रस राहिला नाही."

मी उरलेलं दही बाबांना भरवलं. तोंड उघडतच नव्हते. दुःखाने माणसाची भूक मरते म्हणतात ते खरं.

९ तारीख, रविवार

काकाने गाळ्यातल्या मशिनींना गिऱ्हाईक बघितलंय! पुढच्या गुरुवारनंतरच्या गुरुवारी तो माणूस बघायला येणार.

मी म्हणालो, "गाळा मी चालवीन."

काका म्हणाला, "तू? तुला वेल्डिंगचं मशीन चालू कुठून करतात ते तरी माहीत आहे का?"

"आहे."

"कुठून?"

"बटणावरून."

आई हसली. आईसुद्धा! मी चप्पल भिरकावली, ती माळ्यावर जाऊन पडली. मग एका चप्पलेवर बाहेर जाता येईना, म्हणून घरातच रागावून बसलो.

बाबांनी मला गाळ्यात कधी कशाला हात लावू दिला नाही. "शिक आणि साहेब हो," एवढंच म्हणायचे. मी तरीही दुपारी डबा द्यायला जायचो आणि बघत बसायचो. वेल्डिंगचा टाका मारताना ते श्वास रोखून धरायचे, तसा मीही धरायचो. आज त्यांच्याजवळ बसून विचारलं, "बाबा, गाळा विकायचा?"

त्यांनी तोंड उघडलं. नेमकं तेव्हाच आईने दह्याची वाटी आणली.

"लोखंड नको!" बाबा ओरडले.

घ्या. आता याहून स्पष्ट काय सांगतील?

११ तारीख, मंगळवार

मन रमवायला औषधाच्या दुकानात गेलो. ती म्हणाली, "या, अशक्त."

मला नाव ठेवलंय तिने! टोपणनाव परक्या माणसाला कोण ठेवतं?

"काही फरक?"

"भूक मेलीये. झोप नाही. छातीत धडधड." तिन्ही गोष्टी खऱ्या.

"शौचाला साफ होते का?"

दुकानात चार माणसं होती. चौघांनी मान वळवली. मी पडदा ओढल्यासारखा डोळ्यांवर हात घेतला. ती वाट बघत होती, पेन हातात घेऊन.

"एकदम... घड्याळासारखी," मी म्हणालो.

"मग ठीक. लोहाने काहींना गच्च होतं, म्हणून विचारलं. पाणी भरपूर प्या."

बोलणं संपू नये म्हणून मी "हाडंही दुखतात" असं सांगितलं. तिने कॅल्शियम दिलं. घरी आल्यावर बाबांच्या दह्यात तेही घातलं. एवढ्या प्रेमाने दिलेलं औषध वाया कसं घालवणार? ती जे म्हणाली ते अर्थात मला लागू होतं. बाबांना कसलं गच्च होणार? त्यांना तर आधीपासूनच आहे.

पाणी मी प्यालो. भरपूर.

१४ तारीख, शुक्रवार

झाली नाही. मावशींनी खिडकीतून विचारणं सोडलंय, आता नुसत्या भुवया उंचावतात.

एक गोष्ट मला कळत नाही. बाबांना गाळ्याचं दुःख नेमकं दही बघूनच का होतं? सकाळी फळ खाताना नाही, सूप पिताना नाही. दह्याची वाटी आली की "लोखंड नको". बहुतेक दही पांढरं असतं आणि गाळ्याच्या भिंतीही पांढऱ्या आहेत. मनाचं काही सांगता येत नाही.

१७ तारीख, सोमवार

झाली! पण आई खूश नाही. उलट घाबरलेली दिसते. दार लोटून घेऊन डॉक्टरीणबाईंना फोनवर काहीतरी कुजबुजली. मला विचारलं तर म्हणाली, "तुला काय करायचंय? त्रास झाला त्यांना, एवढंच."

मग मी आईच्या फोनजवळ असताना दवाखान्यातून फोन आला. तिथली बाई घाईत म्हणाली, "परवा पेशंटला आणताना स्टूल घेऊन या. विसरू नका, डॉक्टरांनी खास सांगितलंय."

मला लगेच समजलं. मागच्या वेळी तपासायच्या उंच पलंगावर बाबांना चढवताना दवाखान्यातलं लाकडी स्टूल असं डुगडुगलं, की काका आणि बाबा दोघेही पडता पडता वाचले. डॉक्टरीणबाईंनाही माहीत आहे की आमचा फॅब्रिकेशनचा गाळा आहे.

मी आईला सांगितलं, "परवा स्टूल न्यायचंय."

"हो रे, मला माहितीये. मी बघते."

"तू कशाला? मी करतो."

"तू?"

"मग कोण? बाबांसाठी एवढंही करणार नाही का मी?"

आईचे डोळे भरून आले. "किती बदललास रे. तुला किळस नाही वाटणार?"

"किळस कसली? हात काळे होतील, धुऊन टाकीन. किती मोठं लागेल?"

"एवढंसं पुरे."

"एवढंसं कसं पुरेल? बाबांचं वजन पेलायला हवं."

आईने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

१८ तारीख, मंगळवार

सकाळीच काकाच्या खिशातून किल्ली काढून गाळा उघडला. मशीन खरंच बटणावरून चालू होतं.

चौकोनी पाइप कापला. पहिला पाय लांब झाला म्हणून कापला, मग आखूड झाला. मग बाकीचे तिन्ही त्याच्या मापाचे केले. एक टाका मारला की रॉड चिकटायचा, दुसरा मारला की पाइपला भोक. तिसऱ्याला श्वास रोखून धरला. धरलं त्याने! मी एकटाच ओरडलो. शेजारच्या गाळ्यातला सुतार बघायला आला आणि म्हणाला, "काय आहे हे?" मी म्हणालो, "स्टूल." तो म्हणाला, "हां, आता दिसलं."

ग्राइंडर मारला, गंज लागू नये म्हणून लाल रंग दिला आणि तो वाळल्यावर संध्याकाळी वरून काळा. डोळे चुरचुरताहेत. गाळा विकला तर विकू दे. माझ्या हातचं एक तरी काम बाबांच्या पायाखाली असेल.

१९ तारीख, बुधवार

आजचं सगळं जसंच्या तसं लिहून ठेवतो, कारण काका हे पुढे आयुष्यभर चुकीचं सांगणार आहे.

काका आणि आई बाबांना गाडीतून उतरवत होते. मी पुढे गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "स्टूल आणलंत?"

"हो. बाहेर ठेवलंय."

"रंग कसा आहे?"

"काळा."

त्यांचा चेहरा गंभीर झाला. "अगदी काळा? कधीपासून?"

"काल संध्याकाळपासून. त्याआधी लाल होतं."

"लाल?" त्या उभ्याच राहिल्या. "चिकट आहे?"

"थोडंसं. वाळेल दुपारपर्यंत."

"तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"पाहिलं म्हणजे? मीच केलंय!"

त्यांनी चष्मा काढला. "एक मिनिट. पेशंट कोण आहे?"

मी त्यांना हाताला धरूनच बाहेर नेलं आणि दाखवलं. त्या स्टुलाकडे बघत राहिल्या. मग भिंतीला टेकल्या. मग कुठे बसतोय ते न बघता त्याच स्टुलावर बसल्या, आणि त्यांच्या पांढऱ्या कोटावर मागे काळा चौकोन उमटला. फोनवाली बाई टेबलाखाली गेली ती वर येईचना. आई आली आणि तिच्या हातात एक लहानशी डबी होती. मग मला समजलं, की डॉक्टर लोक स्टूल कशाला म्हणतात.

मी रागाने लाल झालो होतो. "मग मराठीत सांगायचं!" एवढंच म्हणालो.

आत गेल्यावर डॉक्टरीणबाई हसायच्या थांबल्या. "काळं होणं ही गंमत नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, आत कुठे रक्तस्राव तर नाही ना, ते बघावं लागेल. मी दिलंय त्याशिवाय काही देताय का?"

मी पिशवीतून दोन्ही डब्या काढल्या. बाबांनी डावा हात पुढे केला, लोहाच्या डबीवर बोट आपटलं आणि ओरडले, "लोखंड!"

"अहो, बरोबर ओळखलंत की," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हे कुटून दिलं का? तोंडात खिळा चघळल्यासारखं लागलं असेल. यांच्या रक्तात लोह कमी नाही. मग हे कशाला? याने पोट गच्च होतं आणि शौचाचा रंगही काळा होतो. त्यावर पुन्हा कॅल्शियम! तुंबलेल्या मोरीत सिमेंट ओतताय तुम्ही."

काका हळूच म्हणाला, "म्हणजे दादा... तू गोळीला नको म्हणत होतास?"

बाबांनी डोळे मिटून मान हलवली. इतके दिवस गाढवांच्या कळपात राहिलेल्या माणसासारखी.

"आणि गाळा?"

बाबांनी दाराकडे हात केला. मी स्टूल आत आणलं. त्यांनी अंगठा टाक्यावरून फिरवला, रंग लागला तरी फिरवला. मग खूप वेळ शब्द शोधत राहिले. घाम आला त्यांना.

"लोखंड," ते म्हणाले, "हवं." मग माझ्याकडे बघून, "टाका. कच्चा."

आजारपणानंतर बाबा मला पहिल्यांदाच रागावले. मला रडू आलं. काका बाहेर जाऊन उद्या येणाऱ्या गिऱ्हाइकाला फोनवर म्हणत होता, "नाही हो, विकायचा नाहीच. कोणी सांगितलं तुम्हाला?"

शौचाच्या तपासणीत रक्त निघालं नाही. सगळा रंग गोळीचाच. डॉक्टरीणबाईंनी आईला सांगितलं, की ठसका लागू नये म्हणून पाणी घट्ट करून घोट घोट, पण दिवसभर. सालासकट शिजवलेली डाळ, पपई, केळं, भाजी. त्यातूनच मॅग्नेशियम, पोटॅशियम आणि चोथा मिळतो. पालेभाजी रोज सारखीच, एक दिवस ढीग आणि एक दिवस शून्य असं नाही, नाहीतर रक्ताच्या गोळीचा हिशेब बिघडतो. बी ट्वेल्व्ह कमी आहे, ते त्या स्वतः देणार. "आणि बाटलीतलं काहीही," माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मला विचारल्याशिवाय नाही."

स्टूल त्यांनी ठेवून घेतलं. डुगडुगतं, पण जुन्यापेक्षा कमी.

२० तारीख, गुरुवार

दुकानात गेलो. तिला सांगितलं, की गोळ्या वडिलांना देत होतो.

"म्हणजे अशक्त तुम्ही नव्हताच?"

"नव्हतो."

"मग मला खोटं का सांगितलंत? आणि त्यांना आणखी कुठली औषधं चालू आहेत?"

मी सांगितलं. रक्त पातळ करायची गोळी म्हटल्यावर तिने पेन काउंटरवर आपटलं. "तुला काही अक्कल आहे की नाही? गाढव आहेस का? काही झालं असतं म्हणजे? शौच म्हणायला लाज वाटते आणि बापाला वाटेल ते चारायला वाटत नाही?"

दुकान भरलेलं होतं. सगळे ऐकत होते.

'तुम्ही'वरून एकदम 'तू'! घरी येईपर्यंत मी हसत होतो.

निघताना ती म्हणाली, "यापुढे त्यांचं एकही औषध मला चिठ्ठी दाखवल्याशिवाय न्यायचं नाही."

"रोज दाखवू?"

"रोज कशाला?"

"सवय राहते."

२३ तारीख, रविवार

झाली. विनासायास. नेहमीच्या रंगाची.

आईने मावशींना खिडकीतून ओरडून सांगितलं आणि मावशींनी पलीकडच्या इमारतीला. काका मिठाई घेऊन आला. बाबा लाजून पेपर तोंडासमोर धरून बसले, उलटा.

२६ तारीख, बुधवार

आज बाबांना गाळ्यात आणलं. खुर्ची दारात ठेवली. डाव्या हाताने खडू धरून ते पाइपवर खुणा करतात, मी कापतो. प्रत्येक टाक्याला "कच्चा" म्हणतात. दुपारी एकदा नुसतंच "हं" म्हणाले. मी तो टाका पुसूनच ठेवलाय.

तेवढ्यात ती आली! दुकानमालकाला औषधांसाठी लोखंडी मांडणी करून हवी आहे, मापं घेऊन आली होती. माझ्या हातातून ग्राइंडर सुटायचा राहिला. मी काचेचा मुखवटा काढला, केस नीट केले, केसांना ग्रीस लागलं.

"हेच का तुझे बाबा?" ती म्हणाली आणि त्यांच्यासमोर वाकून विचारलं, "काय काका, पोट काय म्हणतंय?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. माझ्या केसांकडे पाहिलं. मग शब्द शोधायला लागले, आणि एकदम चेहरा उजळला.

"सून," ते म्हणाले.

"काय म्हणाले?" तिने विचारलं.

बाबांचे शब्द अजून चुकतात, पण आता मला त्यांची भाषा कळते. ती भर उन्हात उभी होती ना. मी म्हणालो, "ऊन. ऊन म्हणतायत. तू आत ये."

बाबांनी जोरजोरात मान हलवली. "सून! सून!"

"हो बाबा, घेतो तिला आत," मी म्हणालो. तरी ते थांबेनात. आजाराने माणूस हट्टी होतो. आई डबा घेऊन आली होती, ती तोंडावर हात ठेवून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, काय झालं कोण जाणे. आणि केसांत पेन खोचलेली तीही कानापर्यंत लाल झाली होती. उन्हानेच.

मापं पक्की करायला ती उद्या परत येणार आहे. सकाळी लवकर येऊन गाळ्याच्या दारावर सावलीसाठी पत्रा टाकला पाहिजे.